पथ्याचा स्वयंपाक

गायधन्यांच्या घरात मालिनी सून म्हणून आली, तेव्हा तिथल्या ओट्यावर नाचणीचं पीठ कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. घर रामकुंडावरच्या उपाध्यायांचं. पुरुषांनी सकाळी गंगेवर, म्हणजे गोदेवर, जायचं, यजमानांची श्राद्धं-पिंडदानं करायची आणि दुपारी कुणाच्या ना कुणाच्या घरी पानावर बसायचं. तूप, साखर, तांदूळ यांना तोटा कधीच नव्हता. मालिनी येवल्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी. माहेरी सणावाराला खीर व्हायची. इथं मात्र सासरे, दीर आणि नवरा आठवड्यातून कितीतरी वेळा खीर-वडे जेवून येत आणि घरी आल्यावर पोटावर हात फिरवत आडवे होत. जेवण हाच त्यांच्या कामाचा अर्धा भाग होता.

सासरे पायाच्या जखमेनं गेले. जखम लहानशी, खडावेच्या खुंटीनं झालेली, पण ती भरलीच नाही. थोरले दीरही साखरेच्याच आजारानं गेले. त्यामुळे मालिनीच्या नवऱ्याच्या, बाळाजी गुरुजींच्या, रक्ताच्या तपासणीत साखर निघाली, तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. "आपल्याकडे असतेच," एवढंच सासूबाई म्हणाल्या. पावसाळ्यात गंगेला पूर येतो, तसं.

मालिनी मात्र दचकली. मुलगी यशश्री तेव्हा कॉलेजात होती. मालिनीनं मनाशी ठरवलं, की या घरातला एक तरी पुरुष आपण म्हातारा होऊ द्यायचा.

ती शिकत गेली. शेजारची आशा जिल्हा परिषदेत नोकरीला होती, तिच्या ओळखीनं एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आली. भाताचं पातेलं लहान झालं. ज्वारी, बाजरी आणि पेठ तालुक्यातून येणाऱ्या बायकांकडची नाचणी घरात आली. पहिल्या नाचणीच्या भाकऱ्या थापताना फाटल्या, तव्यावर चिकटल्या. मग उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून, गरम असतानाच मळायचं तिला जमलं आणि भाकरी टम्म फुगायला लागली. तेलाची किटली आत गेली, फोडणीला चहाचा चमचा आला. पानात आधी कोशिंबीर, मग भाजी-भाकरी आणि शेवटी मूठभर भात, असा क्रम तिनं लावला. पालेभाजीत दाण्याचं कूट नावापुरतं आणि गुळाचा खडा बंद. दुधीचे, कोबीचे मुटके तळायचं सोडून ती वाफवायला लागली. वर तीळ-मोहरीची फोडणी दिली की सासूबाईसुद्धा दोन जास्त घेत.

सकाळी आशाबरोबर ती गोदापार्कला चालायला जाऊ लागली. बाळाजी गुरुजींनाही ओढून नेई. धोतर सावरत ते तिच्या चार पावलं मागे चालत.

"अगं, जरा दमानं. मी काय शर्यतीत उतरलोय का?"

"चालताना बोलता येतंय ना तुम्हाला? मग अजून जोरात चालायला हवं."

आशा हसायची. तिघांच्या मागे हळूहळू सोसायटीतल्या आणखी बायका लागल्या. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाचं वजन, कुणाच्या नवऱ्याचा रक्तदाब. चालून झालं की बाकावर बसून त्या मालिनीला विचारत आणि मालिनी सांगे. मैदा कसा कमी करायचा, कडधान्यं मोड आणून कशी खायची, मुलांच्या डब्यात बिस्किटांऐवजी काय द्यायचं. आपल्याला कुणी ऐकतंय, याचंच तिला आधी नवल वाटे. मग पंचवटीतल्या महिला मंडळानं तिला बोलायला बोलावलं. लोकरीची शाल आणि नारळ घेऊन ती घरी आली, तेव्हा बाळाजी गुरुजी यशश्रीला म्हणाले, "आता घरात दोन व्याख्याते झाले. माझं ऐकणारे मात्र सगळे गेलेलेच असतात."

ती वर्षं बरी होती. साखर खाली आली होती. गोळी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, वहिनींना धरून राहा.

पण दरवर्षी पितृपक्ष यायचा.

त्या पंधरवड्यात बाळाजी गुरुजींना श्वास घ्यायला फुरसत नसे. एकेका दिवशी दोन-दोन घरची आमंत्रणं. मालिनी सकाळी त्यांच्या हातात उपरणं देताना सांगे, खीर नुसती ओठाला लावा, वडा एक, लाडू नाहीच. ते मान डोलावत. संध्याकाळी त्यांच्या तोंडाकडे पाहूनच तिला कळे.

एकदा ती चिडली. "घरी मी चमच्यानं तेल मोजते आणि तुम्ही तिकडे वाटीनं खीर पिता. कशासाठी करते मी हे सगळं?"

त्यांनी उपरणं खुंटीला लावलं. मग म्हणाले, "आज कॉलेज रोडला गेलो होतो. मुलगा पंचविशीचा असेल. बाप गेल्या वर्षी गेला. खीर त्यानं स्वतः ढवळलेली, आईला येत नव्हती म्हणून. वाढताना त्यानं वाटी काठोकाठ भरली. मला म्हणाला, गुरुजी, बाबांना पोचेल ना? आता त्याला काय सांगू? मला साखर आहे, पोचायची नाही?"

"एक चमचा खायचा होता," मालिनी म्हणाली.

"पान टाकून उठलो असतो तर त्याला जन्मभर वाटलं असतं, बाप उपाशी गेला."

नंतर यशश्री पुण्याला नोकरीला गेली, सासूबाई गेल्या. साखर पुन्हा चढू लागली. गोळ्यांची संख्या वाढली, मग सुई आली. रक्तदाब वाढला. मालिनीनं पथ्य आणखी कडक केलं. कुठल्याशा कार्यक्रमात ऐकून तिनं घरातलं मीठ बदललं, कमी सोडियमचं आणलं. सकाळी शेवग्याच्या पानांचं सूप, दुपारी शहाळं, संध्याकाळी टोमॅटो-पालकाचा रस. पंचवटीच्या भाजीबाजारात सगळ्यात ताजी पालेभाजी कुणाकडे असते, हे तिला तोंडपाठ होतं. जे जे चांगलं म्हणून सांगितलं जातं, ते ते ती त्यांच्या पोटात घालत होती.

अशातच एका दुपारी बाळाजी गुरुजी गंगेवरून लवकर परत आले. पाय उचलत नाहीत म्हणाले. पायऱ्यांवरच बसले. आशाचा नवरा आणि रिक्षावाला यांनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावल्या आणि एकदम धावपळ सुरू झाली. मालिनीला बाहेर काढलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं, मूत्रपिंडं फार खराब झाली आहेत, आजची नाहीत, कधीपासूनची. रक्तात पोटॅशियम साठलं, त्यानं हृदयाचे ठोके बिघडले. मग विचारलं, "घरी खाण्यात काय काय होतं?"

मालिनीनं उत्साहानं सांगितलं. तिला वाटलं, निदान या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे चांगलं आहे. शहाळं, शेवग्याची पानं, पालक, टोमॅटो. कमी सोडियमचं मीठ.

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. मग त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि समजावलं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते ठीक. मूत्रपिंड थकलेल्या माणसाला ते बाधतं. शहाळ्यात तेच, पालेभाजीत तेच, टोमॅटोत तेच. "तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, काकू. ही तपासणी वेळेवर व्हायला हवी होती. आमच्याकडूनच कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं."

पुढचं ते जे काही बोलले, ते तिला ऐकू आलं नाही. तिला आपल्या ओट्यावरची मिठाची बरणी दिसत होती. तिच्यातला छोटा लाकडी चमचा दिसत होता.

बाळाजी गुरुजी शुद्धीवर आल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं. न सांगता तिला राहताच आलं नसतं. मग त्यांनी तिचा हात धरला. लोकांसमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"तू मीठ घातलंस, मी खीर खाल्ली," ते म्हणाले. "आता कुणी काय केलं याची वाटणी करत बसू नकोस."

ती ऐकून घेत होती. मनातून मात्र तिनं वाटणी केव्हाच केली होती.

डायलिसिस सुरू झालं आणि मालिनीचं स्वयंपाकघर उलटं फिरलं. वर्षानुवर्षं जे हद्दपार केलं होतं ते परत आलं. नाचणी बंद, पांढरा भात चालेल. फळं बंद, एखादी सफरचंदाची फोड. डाळ अगदी बेताची. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायची, उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे तिच्यातलं सगळं निघून जातं. जे पाणी आमटीत घालावं, वाया घालवू नये, असं तिनं शंभर बायकांना सांगितलं होतं, ते हिरवं पाणी ती रोज मोरीत ओतत होती. उरलेल्या चोथ्याला ना रंग, ना वास. वर मीठ नाही.

"कसली भाजी आहे?" बाळाजी गुरुजी विचारत.

"मेथीची."

"असेल."

सगळ्यात वाईट होती तहान; अंगातलं पाणी बाहेर पडत नव्हतं, म्हणून प्यायचंही मोजूनच. दिवसभराचं पाणी मालिनी सकाळी एका बाटलीत काढून ठेवी. गोळ्या, चहा, सगळं त्यातच. गुरुजींची संध्या सुटलेली नव्हती. पाटावर बसून ते आचमन करत तेव्हा मालिनी दारात उभी राही. पळीपळीनं ते पाणी तळहातावर घेत आणि पीत. ते उठले की मालिनी बाटलीतलं तेवढं पाणी ओतून टाकी. त्यांनी एकदा ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते पाण्याला नुसते ओठ लावू लागले.

त्या पावसाळ्यात गंगेला मोठा पूर आला. रामकुंड, घाट, सगळं पाण्याखाली गेलं. खिडकीतून लांबवर तपकिरी पाण्याचा पट्टा दिसत होता. गुरुजी खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहत होते. तोंडात बर्फाचा खडा होता, तोही बाटलीच्या हिशेबातला.

"एवढं पाणी," ते म्हणाले, आणि हसले.

मालिनीनं चालायला जाणं सोडून दिलं. आशा रोज दार वाजवून जाई. "वहिनी, नुसत्या कोपऱ्यापर्यंत तरी चला." मालिनी म्हणे, उद्या. मंडळाच्या बायकांना आतली गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी तिला पुन्हा बोलायला बोलावलं, विषय तोच, घरचं सकस जेवण. नको म्हणता येईना म्हणून ती गेली. माइकसमोर उभी राहिली. समोरच्या खुर्च्यांवर ओळखीचे चेहरे होते, लिहून घ्यायला पेनं तयार.

"पालेभाजी," ती म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्दच येईना. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो हातात धरला आणि त्या भरलेल्या पेल्याकडे पाहत राहिली. शेवटी आशानं तिला खाली आणलं. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या आजारपणामुळे दमली असेल. बायकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेच तिला जास्त लागलं.

यशश्री सुट्टी काढून यायची. पुण्यात तिचं जेवण मोबाइलवरून येई. बोटांवर मसाल्याचे डाग, डोळ्यांखाली काळं. मालिनीनं एकदा तिला म्हटलं, "बाहेरचं किती खाशील, यशू? घरात साखर आहे आपल्या."

"आई, घरचं खाऊन काय झालं?" यशश्री पटकन बोलून गेली. आणि मग रडायला लागली. "मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"माहितीये," मालिनी म्हणाली. आणि तिनं तिला भात वाढला.

दुसऱ्या वर्षी गुरुजींचं हृदय साथ देईना. यंत्राला लावलं की रक्तदाब इतका खाली जाई की मध्येच थांबवावं लागे. ते घरी येत ते राखेसारखे होऊन. मग एक दिवस तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मालिनी आणि यशश्री दोघींना आत बोलावलं. दार लावून घेतलं. आता यंत्राचा उपयोग कमी आणि त्रास जास्त, असं त्यांनी सांगितलं. गुरुजींशीही बोलणं झालं होतं, त्यांनाच ते आता नको होतं.

"मग पथ्य?" मालिनीनं विचारलं. तिला दुसरं काही विचारायचं सुचलं नाही.

बाई तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "आता पथ्य काही नाही. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. पाणीसुद्धा, मागतील तेवढं."

रिक्षात यशश्री मालिनीचा हात घट्ट धरून बसली होती. गुरुजींनी किती वर्षं वाट पाहिली असावी, असं ते वाक्य होतं. मालिनीला वाटत होतं, दवाखान्यात परत जावं आणि म्हणावं, नको, मला पथ्य सांगा. कितीही कडक सांगा. मी करीन.

घरी आल्यावर ती पलंगाशी बसली. "काय करू तुमच्यासाठी? काहीही सांगा. खरंच काहीही."

गुरुजींनी डोळे मिटले. बराच वेळ ते आठवत होते.

"काय आवडायचं गं मला?" त्यांनी विचारलं.

मालिनीनंच मग ठरवलं. तिनं दही टांगलं, चक्क्यात साखर घोटली, केशर खललं. गव्हल्यांची खीर केली, दूध आटेपर्यंत. वडे तळले. घरभर तळणीचा वास सुटला, तसा या घरात तिनं कित्येक वर्षांत सुटू दिला नव्हता. यशश्री दारात उभी राहून बघत होती, पण आत आली नाही. मालिनीचे हात भराभर चालत होते. सासूबाईंनी शिकवलेलं सगळं हातांना आठवत होतं. मिठाची नवी पुडी फोडून तिनं वड्याच्या पिठात साधं मीठ घातलं.

ताट घेऊन ती गेली. यशश्रीनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. मालिनीनं खिरीचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला, तोंडात धरून ठेवला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"कशी झालीय?"

"चांगली झालीय," ते म्हणाले. मग तिच्याकडे पाहून, खोटं बोलवेना म्हणून असेल, म्हणाले, "सगळ्याला लोखंडाची चव येते गं. खीर म्हणून कळलं नाही."

श्रीखंडाला त्यांनी बोट लावलं. वडा नुसता हातात घेऊन ताटात परत ठेवला, हळूच, तुटू नये म्हणून. "राहू दे. तुम्ही दोघी खा," म्हणाले. मग त्यांनी पाणी मागितलं. मालिनीनं तांब्या भरून आणला, काठोकाठ. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. दोन घोटांतच त्यांना दम लागला. तिसरा घोट हनुवटीवरून छातीवर सांडला. मालिनीनं पदरानं पुसला.

दोघींपैकी कुणीही जेवलं नाही. ते सगळं आशाच्या घरी गेलं.

आठवड्याच्या आत बाळाजी गुरुजी गेले. शेवटचे दोन दिवस ते ओळखत नव्हते. रामकुंडावरची सगळी मंडळी आली होती. वय ऐकून कुणी म्हणालं, या घरातल्या मानानं बरेच जगले. मालिनीला तेही ऐकू आलं.

यशश्री तिला पुण्याला चल म्हणाली. मालिनी महिनाभर राहिली आणि परत आली. तिथं दिवसभर रिकाम्या फ्लॅटमध्ये बसायचं आणि संध्याकाळी पिशव्यांतून आलेलं जेवण ताटात काढायचं, एवढंच होतं. यशश्रीला ती काही सांगू शकली नाही. सांगायचा आपला हक्क गेला, असं तिला वाटत राहिलं. साखर तपासून घे, एवढं मात्र ती दर फोनवर म्हणे, आणि यशश्री दर फोनवर म्हणे, "हो आई, या महिन्यात नक्की."

आशाच्या आग्रहानं ती पुन्हा कधीमधी गोदापार्कला जाऊ लागली. बाकावरच्या बायकांत काही नव्या होत्या. एकीनं विचारलं, "ताई, सासऱ्यांना साखर आहे. शेवग्याच्या पानांचं सूप कसं करायचं? तुम्ही फार छान सांगता म्हणे."

मालिनीनं सांगितलं. पानं कशी खुडायची, लसूण किती, शिजवायचं किती. सगळं बरोबर. मग म्हणाली, "पण आधी त्यांच्या किडनीची तपासणी करून घ्या. ती करून घेतल्याशिवाय देऊ नका. मीठही बदलू नका कुणाचं ऐकून. माझंही ऐकून नको."

"साखर फार नाहीये हो त्यांना," ती बाई जरा बिचकून म्हणाली.

"तरीही करा. दरवर्षी करा."

प्रत्येकीला ती हेच सांगू लागली. कोशिंबिरीचं विचारलं तरी हेच. नवऱ्याची, सासऱ्याची, तुमची स्वतःची तपासणी केली का? कुणी हो हो म्हणे, कुणी विषय बदले. सकाळच्या प्रसन्न वेळी कुणाला मूत्रपिंडाचं ऐकायचं असतं? एका मुलीनं मोबाइलवर रोजच्या पाककृती पाठवायला सुरुवात केली होती, बायका तिच्याभोवती जमू लागल्या. त्यांच्यापैकी कुणी खरोखर तपासणी केली की नाही, मालिनीला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

थंडीत तिनं चालणं पुन्हा बंद केलं. एकटीसाठी काय करायचं, असं म्हणून आधी भाजी गेली, मग भाकरी. चहात बुडवलेली बिस्किटं किंवा कालचा भात. भूक लागत नव्हती असं नाही. तवा तापत ठेवला की हात थांबत, एवढंच.

परवा संध्याकाळी आशा कचेरीतून परस्पर आली. "वहिनी, आज काय केलंत?"

"केलंय काहीतरी."

आशा आत गेली. ओटा कोरडा होता, गॅसवर पातेलं नव्हतं. घरी जाऊन तिनं भाकरी थापली आणि डबा घेऊन आली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. ताट वाढून तिनं मालिनीसमोर ठेवलं आणि स्वतः समोर भिंतीला टेकून बसली.

"तुम्ही शिकवलीत तशीच थापलीय," ती म्हणाली. "बघा तरी."

मालिनीनं भाकरीचा पापुद्रा उचलला. छान सुटला होता. तिनं एक घास घेतला आणि चावत राहिली. आशा बसून होती, ताट संपायची वाट पाहत. दोन घासांनंतर मालिनीनं हात ताटातच ठेवला.

"उरलेलं झाकून ठेव," ती म्हणाली. "उद्या खाईन."

आशानं ताट झाकलं.